'नेक्स्ट जनरेशन'चा ब्ल्यू-रे संच: कुठला सीझन आधी घ्यावा, कुठला मागून

अंतराळयानावरच्या माणसांची अमेरिकी विज्ञानमालिका 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन', तिचा पूर्ण ब्ल्यू-रे संच म्हणजे सात सीझन, १७८ भाग आणि ४१ डिस्क. भागाला ४५ मिनिटं धरली तरी १३३ तास होतात. घ्यावा का? जरूर घ्यावा. मात्र सातही सीझनचं काम एका हातचं नाही, हे पैसे मोजण्याआधी माहीत असू द्या. तिसरा आणि चौथा सीझन डोळे झाकून घ्यावा. दुसऱ्याला घाई नको. पहिला घेताना, विशेषतः कुणाचा वापरलेला घेत असाल तर, डिस्क लावून, आवाज ऐकूनच घ्यावा.

जुन्या डीव्हीडीपेक्षा हे चित्र इतकं वेगळं का दिसतं, ते आधी सांगायला हवं, कारण आपण पैसे देतो ते त्याचेच.

मालिका सप्टेंबर १९८७ ते मे १९९४ या काळात प्रसारित झाली. कॅमेऱ्यात ३५ मिमी फिल्म होती, सिनेमाला वापरतात तीच. पण निगेटिव्ह धुऊन झाली की ती व्हिडिओ टेपवर उतरवायची आणि पुढचं सगळं टेपवर करायचं, अशी पद्धत होती. संकलन टेपवर, अंतराळयानांची दृश्यं टेपवर, फेझर या शस्त्राचे किरण आणि माणसांना क्षणात दुसरीकडे पोचवणाऱ्या ट्रान्सपोर्टरची चमचमही टेपवरच. वर्षाला २६ भाग द्यायचे तर हा मार्ग जलद आणि स्वस्त होता. तोटा असा की अमेरिकी टेपवर चित्राच्या जेमतेम ४८० रेषा मावतात. फिल्मवर टिपलेलं बरंच काही टेपवर आलंच नाही. आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे पूर्ण जोडलेला भाग फिल्मवर कधी तयारच झाला नव्हता. होती ती फक्त सुट्या रिळांची गोदामं.

त्यामुळे हाय डेफिनिशन करायचं तर दोनच वाटा होत्या. टेपवरचं चित्र यंत्रानं ताणून मोठं करायचं, नाहीतर प्रत्येक भाग निगेटिव्हपासून पुन्हा बांधायचा. मालिकेचे हक्क असलेल्या सीबीएस कंपनीनं दुसरी वाट धरली. हजारो रिळं बाहेर काढली, जुन्या टेपशी फ्रेम न् फ्रेम ताडून नेमका तोच टेक शोधला, तो स्कॅन केला, मूळ संकलनाबरहुकूम जोडला, नव्यानं रंग बसवले आणि विशेष दृश्यांचे सुटे तुकडे पुन्हा एकमेकांवर चढवले. पहिला सीझन जुलै २०१२ मध्ये आला, सातवा डिसेंबर २०१४ मध्ये. टीव्ही मालिकेसाठी एवढी मेहनत क्वचितच कुणी घेतली आहे.

सुपरहिरो मालिकांशी ताडून पाहिलं की हा फरक नीट कळतो. १९६६ ते १९६८ची 'बॅटमॅन' मालिका फिल्मवरच कापली आणि फिल्मवरच पूर्ण झाली. तिचे १२० भाग ब्ल्यू-रेवर यायला २०१४ उजाडलं ते हक्कांच्या गुंत्यामुळे. चित्राची अडचण नव्हतीच, तयार निगेटिव्ह हाताशी होती. सिनेमांतही हेच दिसतं. १९७८चा 'सुपरमॅन' फिल्मवर असल्यामुळे निगेटिव्ह पुन्हा स्कॅन करून ४केची खरी डिस्क निघाली. २०१२चा 'द अ‍ॅव्हेंजर्स' डिजिटल कॅमेऱ्यानं टिपला आणि २केमध्ये, म्हणजे ४केच्या निम्म्या रुंदीच्या चित्रात, पूर्ण केला, म्हणून त्याच्या ४के डिस्कवर रंग आणि उजेड वाढतो, बारकावा फारसा वाढत नाही. डिस्कच्या खोक्यावर मोठा आकडा छापला आहे म्हणून आत तेवढं चित्र असेलच असं नाही. काम शेवटी कशावर पूर्ण झालं हे बघायचं. 'नेक्स्ट जनरेशन'चा संच १०८०पी आहे, ४के नाही, तरीही त्यातल्या जवळजवळ प्रत्येक फ्रेममागे खरी निगेटिव्ह आहे.

'बॅबिलॉन ५' हे याचं दुसरं टोक. त्या मालिकेचा ब्ल्यू-रे डिसेंबर २०२३ मध्ये आला. माणसांची दृश्यं फिल्मवरून नव्यानं स्कॅन केलेली, पण अंतराळातली सगळी दृश्यं संगणकावर टेपच्याच मापात बनवलेली होती, ती फक्त ताणून मोठी केली. माणूस स्वच्छ दिसतो आणि पुढच्याच क्षणी यान मऊ, पुसट होतं. मालिका उत्तम आहे, पण ही धाव-थांब दर भागात जाणवते.

'नेक्स्ट जनरेशन'मध्ये असं होत नाही, कारण एंटरप्राइझ हे यान संगणकात नव्हतं, ते हाताला लागणारं मॉडेल होतं. पहिल्या भागासाठी इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या विशेष दृश्यांच्या कंपनीनं सहा फुटांचं आणि दोन फुटांचं अशी दोन मॉडेलं बनवली. तिसऱ्या सीझनपासून चार फुटांचं आणखी एक आलं. संगणकाच्या ताब्यातला कॅमेरा एकाच वाटेवरून मॉडेलजवळून पुन्हा पुन्हा फिरवायचा. एकदा यानाच्या कायेसाठी, एकदा फक्त खिडक्यांच्या दिव्यांसाठी, एकदा इंजिनांच्या निळ्या-तांबड्या उजेडासाठी, एकदा पार्श्वभूमीपासून यान वेगळं कापता यावं म्हणून. या सगळ्या फेऱ्या वेगवेगळ्या रिळांवर. त्या रिळांवरून प्रत्येक फेरी पुन्हा स्कॅन करून एकमेकांवर बसवली आहे. म्हणून डिस्कवर दिसतं ते त्या काळचंच मॉडेल, त्याच्यावर पडलेला त्याच काळचा उजेड, फक्त आता यानाच्या तबकडीवरच्या पट्ट्यांच्या फिकट-गडद छटा आणि खिडक्यांच्या रांगा मोजता येतात. वॉर्पमध्ये, म्हणजे प्रकाशाहून जास्त वेगात, शिरताना यान रबरासारखं लांबतं ती स्लिट-स्कॅनची, म्हणजे फटीतून फिल्मवर उजेड टिपण्याची, करामतही मूळचीच. जुन्या कारागिरांच्या हातचं काम पुसून त्यावर नवं रंगवलं नाही, ही या संचातली सगळ्यात मोलाची गोष्ट.

नव्यानं केलं ते जे टेपवरच जन्मलं होतं आणि ज्याची फिल्म नव्हतीच तेवढं. फेझरचे किरण, ढाली, काही ग्रह. 'डेटालोर' या भागातला स्फटिकजीव संगणकावर पूर्ण नवा बांधला आहे आणि जुन्यापेक्षा देखणा झाला आहे. ग्रह पुन्हा रंगवताना ढगांना खोली दिली, पण रंग मूळचाच ठेवला, त्यामुळे 'हा ग्रह असा नव्हता' असं वाटत नाही. मोजक्या शॉट्सची फिल्म सापडलीच नाही. तिथे टेपवरचं चित्र मोठं करून लावलं आहे. असा शॉट आला की चित्र एकदम धुरकट होतं आणि काही सेकंदांत परत स्वच्छ होतं. डिस्क खराब आहे असं समजून परत करायला धावू नका.

आता चौकट. मालिका ४:३ची आहे आणि डिस्कवरही ४:३च ठेवली आहे. आजच्या टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. ५५ इंची टीव्हीवर चित्राची उंची सुमारे २७ इंच आणि रुंदी ३६ इंच, म्हणजे बघायला मिळतो ४५ इंची टीव्ही. ४३ इंचीवर उरतात ३५. टीव्ही निवडतानाच हा हिशेब धरा. बसायचं अंतर चित्राच्या उंचीच्या साधारण तिप्पट ठेवलं की १०८०पीचा पूर्ण फायदा मिळतो. ५५ इंचीसाठी ते सात फूट होतं. दिवाणखान्यात बारा फुटांवर सोफा असेल तर डीव्हीडी आणि ब्ल्यू-रेमधला निम्मा फरक डोळ्यांपर्यंत पोचणारच नाही.

पट्टे नकोत म्हणून रिमोटवरचं 'झूम' दाबलं तर चित्राचा वर-खाली मिळून चौथा हिस्सा कापला जातो. परग्रही क्लिंगन जमातीच्या वॉर्फचं कपाळ आणि कप्तान पिकार्डची हनुवटी दोन्ही जातात. 'वाइड' दाबलं तर माणसं एक तृतीयांशानं रुंद होतात. प्लेअर आणि टीव्ही दोन्हीकडे 'ओरिजिनल' किंवा 'ऑटो' ठेवा. निर्मात्यांनीच १६:९ का केलं नाही, असं विचारणारे बरेच आहेत. निगेटिव्हच्या कडेला जागा असते हे खरं, पण त्या जागेत सेटचा शेवट, दिव्यांचे स्टँड आणि वाट बघत उभी माणसं असतात. 'बफी द व्हॅम्पायर स्लेअर'चं तसं रुंद केलेलं रूप आलं तेव्हा कडेला तंत्रज्ञ दिसू लागले आणि रात्रीची दृश्यं दिवसासारखी उजळ झाली. इथे तो मोह टाळला हे फार बरं झालं. ओएलईडी टीव्ही असेल तर रोज चार-चार भाग सलग लावण्यापेक्षा मधेमधे पूर्ण पडद्याचं काहीतरी बघा, म्हणजे पट्ट्यांची जागा आणि मधली जागा असमान झिजणार नाही.

टीव्हीची दुसरी सेटिंग हालचाल गुळगुळीत करणारी. सॅमसंगवर ती ऑटो मोशन प्लस, सोनीवर मोशनफ्लो, एलजीवर ट्रूमोशन या नावानं असते. पूर्ण बंद करा. चित्र सेकंदाला २४ फ्रेमचं आहे, प्लेअरमध्ये '१०८०पी २४' चालू ठेवा. नॉइज रिडक्शनही बंद. पडद्यावर बारीक दाणे सळसळताना दिसतात ते फिल्मचे आहेत, तो दोष नाही. ते पुसले की चेहऱ्यावरच्या सुरकुत्या आणि लोकरी गणवेशाची वीणही पुसली जाते. शार्पनेस शून्यावर, फक्त सोनीच्या टीव्हीवर ५० हा तटस्थ बिंदू असतो, तिथे शून्य केलं तर चित्र मुद्दाम मऊ होईल.

एवढं केलं की काय काय दिसायला लागतं! मालिकेचे ग्राफिक कलाकार मायकल ओकुडा यांनी काचेवर उभे केलेले कंट्रोल पॅनल वाचता येतात. यानाच्या मोठ्या उभ्या नकाशात त्यांनी गंमत म्हणून एक बदक लपवून ठेवलं आहे, ते शोधता येतं. यंत्रमानव डेटाच्या पिवळ्या भिंगाची कडा, वॉर्फच्या कपाळाचा सांधा, पहिल्या दोन सीझनमधल्या ताणल्या जाणाऱ्या एकसंध गणवेशांच्या शिवणी, सगळं समोर येतं. कॅमेऱ्यात उजेड परावर्तित होऊ नये म्हणून काही पॅनलांवर चिकटवलेले काळे कागद दिसतात. मारामारीत बदली माणसाचा चेहरा स्पष्ट कळतो. १९८७ सालच्या टीव्हीवर हे कधी दिसणार नाही याच भरवशावर ते केलं होतं. काहींना यानं रसभंग होतो. पण सेट इतका निगुतीनं बांधला होता हेही याच डोळ्यांना पहिल्यांदा दिसतं, आणि ते पारडं जड आहे.

याच सेटचा एक धागा थेट मुंबईला येतो. एंटरप्राइझच्या कॉरिडॉरचे सांगाडे १९७९च्या 'स्टार ट्रेक: द मोशन पिक्चर'साठी वापरलेल्या सेटमधूनच पुढे आले. त्या सिनेमातली इलिया म्हणजे मुंबईच्या पर्सिस खंबाटा. त्यातल्या डेकर आणि इलिया या जोडीवरूनच पुढे या मालिकेतली रायकर आणि ट्रॉय ही पात्रं बेतली गेली. संच बघताना ट्रॉय ज्या बोळातून चालते त्यातून आपली पर्सिस आधी चालून गेली आहे, हे ध्यानात असू द्यावं.

सीझननिहाय बोलायचं तर सुरुवात तिसऱ्यानं करा. लेखनाची सूत्रं मायकल पिलर यांच्याकडे आली आणि गोष्टी ग्रहांवरून माणसांकडे वळल्या. छायाचित्रण मार्विन रश यांच्याकडे आलं, त्यामुळे ब्रिजवरचा, म्हणजे यानाच्या नियंत्रणकक्षातला, उजेड मऊ झाला, चेहऱ्यांना छाया मिळाली. गणवेशही लोकरीचे झाले. या तिन्ही गोष्टी हाय डेफिनिशनमध्ये एकदम खुलतात. 'यस्टरडेज एंटरप्राइझ', 'द ऑफस्प्रिंग', 'सारेक' आणि शेवटी 'द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स'चा पहिला भाग, असा हा ऐवज आहे. पण एक लक्षात ठेवा, हा सीझन टांगणीवर संपतो आणि उत्तरार्ध चौथ्या सीझनच्या पहिल्या डिस्कवर आहे. चौथा 'रिडेम्प्शन'वर लटकवून पाचव्यात नेतो, पाचवा 'टाइम्स अ‍ॅरो'वर, सहावा 'डिसेंट'वर. म्हणून तिसरा-चौथा एकत्र मागवा. 'द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स'चे दोन्ही भाग जोडून सिनेमासारखी केलेली सुटी डिस्कही २०१३ मध्ये आली होती. मालिकेची तोंडओळख कुणाला करून द्यायची असेल तर तेवढी एकच पुरे. पूर्ण सीझन घेणाऱ्याला तिची गरज नाही.

चौथ्यात 'फॅमिली' नक्की बघा. अख्ख्या भागात एकही युद्ध नाही, आधीच्या भागातला घाव घेऊन पिकार्ड गावी भावाकडे जातो, एवढंच. चिखलातल्या त्या प्रसंगात पॅट्रिक स्ट्यूअर्ट यांचा चेहरा डीव्हीडीवर अर्धाच दिसत होता. 'द ड्रमहेड' हा चौकशीच्या नावाखाली संशय कसा फोफावतो याचा धडा आहे, आणि तो रायकर साकारणाऱ्या जोनाथन फ्रेक्स यांनी दिग्दर्शित केला आहे.

पाचवा सीझन विज्ञानकथा म्हणून सर्वांत श्रीमंत. 'डार्मोक'मध्ये एक जमात फक्त आपल्या पुराणकथांच्या संदर्भांतून बोलते. शब्द सगळे कळतात आणि अर्थ मात्र लागत नाही. 'अमक्याची लंका झाली' हे रामायण न ऐकलेल्याला कसं समजवायचं, याचा विचार ज्यानं केला असेल त्याला हा भाग पहिल्या दहा मिनिटांत आपला वाटेल. 'कॉज अँड इफेक्ट'मध्ये तीच घटना पुन्हा पुन्हा घडते, पण कॅमेऱ्याच्या जागा दरवेळी बदललेल्या आहेत, स्वच्छ चित्रात ते टिपायला मजा येते. आणि 'द इनर लाइट'. एका माणसाला २५ मिनिटांत दुसऱ्या गावचं अख्खं आयुष्य जगायला मिळतं. १९९३ मध्ये या भागाला ह्यूगो पुरस्कार मिळाला, आणि तो पूर्ण रास्त होता.

सहाव्यात 'चेन ऑफ कमांड' आणि 'टॅपेस्ट्री' हे दोन खांब, सोबतीला 'रेलिक्स'. सातवा असमान आहे, लेखक दमलेले जाणवतात. 'सब रोझा' आणि 'मास्क्स' वगळले तरी चालतील. पण 'पॅरलल्स', 'लोअर डेक्स', 'द पेगासस' आणि शेवटचा 'ऑल गुड थिंग्ज...' यांच्यासाठी सीझन घ्यावाच लागतो. शेवटाआधी पहिल्या सीझनचा 'एन्काउंटर अ‍ॅट फारपॉइंट' बघितलेला हवा, कारण गोष्ट तिथेच परत जाते.

दुसऱ्याची अडचण चित्राची आहे. त्याचं काम बाहेरच्या स्टुडिओला दिलं होतं. माणसांचे प्रसंग ठीक आहेत, पण यानं आणि पार्श्वभूमी जोडताना कडा काही ठिकाणी कापल्यासारख्या दिसतात आणि काळा रंग जास्तच दाट होऊन तपशील गिळतो. त्यातच १९८८च्या लेखकसंपामुळे सीझन २२ भागांचा, आणि शेवटचा 'शेड्स ऑफ ग्रे' तर जुन्या तुकड्यांची गोधडी. तरी एका गोष्टीसाठी दुसरा घ्यावासा वाटतो. 'द मेझर ऑफ अ मॅन'ची वाढीव आवृत्ती यात आहे, सुमारे ५७ मिनिटांची. डेटा ही वस्तू आहे की व्यक्ती, हा खटला. कापलेले प्रसंग परत आल्यावर युक्तिवादांना श्वास घ्यायला जागा मिळते आणि भाग आणखी भारी होतो. अर्धे यंत्र असलेले शत्रू, बोर्ग, पहिल्यांदा भेटतात तो 'क्यू हू'सुद्धा इथलाच.

पहिल्या सीझनचं चित्र सुरेख, गोष्टी कच्च्या. 'कोड ऑफ ऑनर' आणि 'एंजल वन' बघवत नाहीत. '११००१००१', 'हार्ट ऑफ ग्लोरी' आणि 'कॉन्स्पिरसी' बघा. दोष आवाजात होता. पहिल्या छपाईच्या काही डिस्कवर ७.१ (आठ स्पीकरांसाठीच्या) ट्रॅकमधल्या समोरच्या चॅनलांची वाटणी चुकली होती, नंतर बदली डिस्क दिल्या गेल्या. जुना संच बाजारात अजून फिरतो. तपासायची रीत सोपी आहे. ७.१ ट्रॅक लावा आणि ब्रिजवरचं साधं संभाषण ऐका. पात्र पडद्याच्या मधोमध बोलत असताना आवाज मधल्या स्पीकरमधून आला पाहिजे. तो बाजूने येत असेल तर डिस्क सदोष.

एरवी आवाज छान आहे. इंजिनची सतत चालणारी घरघर मागच्या स्पीकरांत पसरते आणि आपण यानातच बसलोय असं वाटतं. पण टीव्हीचेच दोन स्पीकर वापरत असाल तर मेनूत जाऊन मूळ स्टिरिओ ट्रॅक निवडा. ७.१ दोन स्पीकरांत कोंबला की संवाद दबतात आणि मग आवाज वाढवत बसावं लागतं. इंग्रजी सबटायटल्स आहेत, मराठी-हिंदी नाहीत. क्लिंगन नावं आणि तांत्रिक बडबड यासाठी ती चालू ठेवलेली बरी.

भारतात डिस्क घेताना विभागाचं चिन्ह बघा. ब्ल्यू-रेसाठी आपण सी विभागात, अमेरिका ए, युरोप बी. डीव्हीडीचे आकडे वेगळे, तिथे आपण ५. विक्रेत्याला 'सर्व विभागांत चालते का' हे लेखी विचारून घ्या. जुन्या पुरवण्या, म्हणजे मुलाखतींसारखे जोडीचे व्हिडिओ, अमेरिकी ४८०च्या मापात आहेत. आजचे टीव्ही त्या सहज दाखवतात, फार जुन्या टीव्हीवर मुख्य भाग दिसतो आणि पुरवणीला पडदा काळा राहतो, असं होऊ शकतं. संगणकावर बघायचं तर ब्ल्यू-रे ड्राइव्हसोबत डिस्कचं कुलूप उघडणारं अधिकृत सॉफ्टवेअर लागतं, व्हीएलसी हा मोफत प्लेअर नुसता उघडून चालत नाही. ब्ल्यू-रे ड्राइव्ह असलेला प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स घरात असेल तर वेगळा प्लेअर घ्यायची गरज नाही. मेनू उघडायला जुने प्लेअर वेळ लावतात, अडकला असं वाटून लगेच बटणं दाबत सुटू नका.

स्ट्रीमिंगवर हीच नवी आवृत्ती असताना डिस्क कशाला? कारण दाणेदार चित्र दाबून पाठवणं सगळ्यात अवघड. बँडविड्थ वाचवताना आधी दाणे जातात, मग अंतराळाच्या काळ्यात चौकोनी ठिगळं दिसतात. ताऱ्यांचं आकाश आणि नेब्युला या दोन ठिकाणी फरक लगेच कळतो. शिवाय आज इथे असलेली मालिका उद्या दुसऱ्या सेवेवर जाते.

पुरवण्यांसाठीही डिस्कच हवी. तिसऱ्या सीझनमधली लेखकांच्या खोलीवरची बैठक अव्वल आहे. सेथ मॅकफार्लेन प्रश्न विचारतात आणि मालिकेचे लेखक रोनाल्ड मूर, ब्रॅनन ब्रागा, नरेन शंकर, रेने एचेव्हारिया खुलेपणानं बोलतात. मूळ निर्माते जीन रॉडनबेरी यांचा नियम होता की यानावरच्या माणसांत आपसात भांडण नको. भांडणाशिवाय नाट्य कसं लिहायचं हे या लेखकांच्याच तोंडून ऐकणं कुठल्याही लेखनवर्गापेक्षा मोठं आहे. पाचव्यात संगीतावरची चर्चा आहे, त्यात रॉन जोन्स यांना ऐका. बोर्गच्या सुरुवातीच्या भागांचं संगीत त्यांचं आणि चौथ्या सीझननंतर ते मालिकेत नव्हते. पुढचं संगीत मागे बसून राहतं, ते का, हे तिथे समजतं.

याच पद्धतीनं 'डीप स्पेस नाइन' आणि 'व्हॉयेजर' या 'स्टार ट्रेक'च्या पुढच्या मालिका कधी येतील या आशेवर थांबू नका. या संचाची विक्री खर्चाच्या मानानं कमी पडली आणि काम तिथेच थांबलं. शिवाय त्या मालिकांच्या उत्तरार्धात यानं संगणकावरची आहेत, म्हणजे स्कॅन करायला मॉडेलची फिल्मच नाही, सगळं नव्यानं बनवावं लागेल. 'डीप स्पेस नाइन'वरच्या 'व्हॉट वी लेफ्ट बिहाइंड' या माहितीपटात काही प्रसंग निगेटिव्हवरून केले आहेत. ते बघून जीव हळहळतो, इतके सुंदर झालेत.

संच हातात आला की पहिली डिस्क म्हणून पहिला सीझन लावू नका. तिसऱ्यातला 'यस्टरडेज एंटरप्राइझ' लावा. सुरुवातीच्या मिनिटांत काळ बदलतो आणि एका क्षणात ब्रिजवरचा उजेड मंदावून निळसर, काळोखी युद्धनौका समोर येते. तिथे थांबवा. गणवेशांच्या काळ्या भागांच्या घड्या मागच्या भिंतीपासून सुट्या दिसतायत का बघा. दिसत नसतील तर टीव्हीचा ब्राइटनेस एकेक पायरी वाढवा आणि बाजूचे पट्टे करडे व्हायला लागले की एक पायरी मागे या. तो आकडा तसाच ठेवून उरलेले १७७ भाग बघा.